डॉ. चार्ल्स हगिन्स आणि प्रोस्टेटचा कर्करोग

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना आश्चर्य वाटले असेल. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, नोकरी बँकेतली, हातात सदैव व्हाउचर आणि पासबुके. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा, हे आम्हाला मान्य आहे. म्हणून कोणी कोणते औषध घ्यावे हे आम्ही सांगणार नाही. एका संशोधकाने काय शोधले, कसे शोधले आणि त्या शोधाचा आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांशी काय संबंध आहे, एवढेच मांडणार आहोत.

हा विषय निवडण्याचे कारण आमच्या काउंटरवर आहे. दर नोव्हेंबरात निवृत्त मंडळी हयातीचा दाखला द्यायला बँकेत येतात. कोणी गिरणीतून, कोणी रेल्वेतून, कोणी महापालिकेतून निवृत्त झालेले. त्यांतील एक गृहस्थ वर्षभर कंबरदुखीची तक्रार सांगत होते. मलम झाले, पट्टा झाला, मालीश झाली. रात्रीतून पाच-सहा वेळा लघवीला उठावे लागते, हे मात्र त्यांनी बायकोशिवाय कोणाला सांगितले नव्हते. मुदत ठेव मोडायला आले तेव्हा हातात फाईल होती. प्रोस्टेटचा कर्करोग झालेला आणि तो कण्याच्या हाडांत उतरलेला. कंबर दुखत होती ती त्यामुळे. घरात प्रश्न पडला होता, ऑपरेशन करायचे की इंजेक्शने घ्यायची? थोरला मुलगा म्हणत होता, "बाबांना काही सांगू नका." सही मात्र बाबांचीच लागणार होती.

त्यांच्या हातातील त्या फाईलमध्ये जे दोन पर्याय लिहिलेले होते, त्या दोन्हींचे मूळ एकाच माणसाच्या संशोधनात आहे. त्या माणसाचे नाव डॉ. चार्ल्स ब्रेंटन हगिन्स.

प्रथम रोगाची जागा समजून घेऊ. पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेभोवती आक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, ती प्रोस्टेट. मराठीत तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात, पण तो शब्द दवाखान्यात कोणी वापरत नाही. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. वय वाढले की ही ग्रंथी बहुतेक पुरुषांमध्ये वाढते. ती वाढ साधी असू शकते आणि पुष्कळदा साधीच असते. पण काहींमध्ये तेथे कर्करोग होतो. मूत्रमार्गाशी संबंधित कर्करोग अनेक आहेत. मूत्रपिंडाचा, मूत्राशयाचा, वृषणाचा, शिश्नाचा. त्यांत उतारवयातील पुरुषांना गाठणारा प्रमुख रोग हा प्रोस्टेटचा. त्याची एक वाईट खोड अशी की तो हाडांत पसरतो. कणा, कमरेची हाडे, बरगड्या. १९४० पर्यंत अशा रुग्णासाठी वैद्यांजवळ वेदना कमी करणाऱ्या औषधांखेरीज फारसे काही नव्हते.

हगिन्स यांचा जन्म २२ सप्टेंबर १९०१ रोजी कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात, हॅलिफॅक्स या बंदराच्या गावी झाला. वडील औषधविक्रेते होते. ॲकेडिया विद्यापीठातून पदवी घेऊन ते हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेले आणि १९२४ साली डॉक्टर झाले. पुढे मिशिगन विद्यापीठात शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतले. १९२७ साली शिकागो विद्यापीठाच्या नव्याने उभ्या राहत असलेल्या वैद्यकीय विभागात ते दाखल झाले आणि पुढचे सारे आयुष्य तेथेच राहिले.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शिकागोत त्यांच्यावर मूत्ररोग विभागाची जबाबदारी टाकण्यात आली, तेव्हा त्या शाखेचे खास शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. आजच्या भाषेत सांगायचे तर पोस्टिंग मिळाले आणि काम अंगावर आले. त्यांनी पुस्तके उघडली आणि तो विषय आत्मसात केला. एवढ्यावर न थांबता रसायनशास्त्राची गरज आहे हे ओळखून ते युरोपात गेले. लंडनमध्ये रॉबर्ट रॉबिसन यांच्याकडे त्यांनी फॉस्फटेज नावाच्या विकरांचा अभ्यास केला. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे पदार्थ, ज्यांना इंग्रजी वळणाने आपण एन्झाइम म्हणतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला त्या काळी याची काय गरज, असे कोणालाही वाटले असते. पण दहा वर्षांनी हेच ज्ञान कामाला आले.

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात हगिन्स प्रोस्टेटच्या द्रवाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. कुत्रा का, तर म्हाताऱ्या कुत्र्यांनाही माणसाप्रमाणे प्रोस्टेट वाढण्याचा विकार आपोआप होतो. हगिन्स यांनी शस्त्रक्रियेची अशी पद्धत बसवली की प्रोस्टेटचा द्रव लघवीत न मिसळता स्वच्छ मिळावा आणि तो रोज मोजता यावा. महिनोन्‌महिने रोज माप घ्यायचे आणि वहीत लिहायचे. आमच्यासारख्या लेजर सांभाळणाऱ्या माणसाला त्यांच्या या कामाबद्दल विशेष आदर वाटतो. आकडा रोज लिहिला तरच तो एक दिवस बोलतो.

वहीतील आकड्यांवरून दिसले ते असे. कुत्र्याचे वृषण काढले की द्रव जवळजवळ बंद होई आणि ग्रंथी आक्रसून जाई. वृषणांत तयार होणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक टोचले की द्रव पुन्हा वाहू लागे. स्त्री-संप्रेरक म्हणजे इस्ट्रोजेन दिले की द्रव पुन्हा कमी होई. काही म्हाताऱ्या कुत्र्यांच्या प्रोस्टेटमध्ये गाठी निघत, आणि त्यामुळे प्रयोगाची मापे बिघडत. सुरुवातीला ही अडचणच वाटली. पण लवकरच ध्यानात आले की वृषण काढल्यावर या गाठीही आक्रसतात. अडचण वाटली तेथेच उत्तर होते. दुसऱ्या एखाद्याने ते कुत्रे प्रयोगातून बाद केले असते. हगिन्स यांनी आपला प्रश्नच बदलला. साधी गाठ जर पुरुष-संप्रेरकावर जगत असेल, तर प्रोस्टेटचा कर्करोगही त्यावरच जगत असेल काय?

हा प्रश्न त्या काळी धाडसाचा होता. कर्करोगाची पेशी म्हणजे बेबंद झालेली, शरीराचा कोणताही हुकूम न मानणारी, अशी समजूत रूढ होती. अशा पेशीला संप्रेरकाचा आधार लागतो असे म्हणणे मूळ समजुतीलाच धक्का देणारे होते. नुसते म्हणून चालणार नव्हते, दाखवून द्यावे लागणार होते. आणि दाखवायचे तर मापायचे कसे? हाडांत पसरलेला रोग उघडून बघता येत नाही.

येथे फॉस्फटेजचा जुना अभ्यास उपयोगी पडला. न्यूयॉर्कमधील अलेक्झांडर आणि एथेल गुटमन या पतिपत्नींनी १९३८ साली दाखवून दिले होते की प्रोस्टेटचा कर्करोग पसरलेल्या पुष्कळ रुग्णांच्या रक्तात ॲसिड फॉस्फटेज हे विकर वाढलेले असते. हगिन्स यांनी तेच मोजमाप हाती घेतले. क्लॅरेन्स हॉजेस या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी रोग पसरलेल्या रुग्णांच्या रक्तातील ॲसिड फॉस्फटेज पुन्हा पुन्हा मोजले. वृषण काढले किंवा इस्ट्रोजेन दिले की आकडा खाली येई. पुरुष-संप्रेरक टोचले की आकडा वर जाई. १९४१ साली 'कॅन्सर रिसर्च' या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी दुसऱ्या निबंधात वृषण काढलेल्या २१ रुग्णांची हकीकत आली. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांपैकी काहींच्या वेदना थोड्याच दिवसांत कमी झाल्या, भूक लागू लागली, वजन वाढले. काही थोडे जण तर त्यानंतर पुष्कळ वर्षे जगले.

मित्रहो, औषधाने पसरलेला कर्करोग मागे हटतो, हे स्पष्टपणे दाखवून देणाऱ्या अगदी सुरुवातीच्या कामांत याची गणना होते. योगायोग असा की आपल्या मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय त्याच वर्षी, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले.

पुढे १९६६ साली हगिन्स यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते पेटन राउस यांच्याबरोबर विभागून दिले गेले. राउस यांनी १९११ साली कोंबड्यांतील एक कर्करोग विषाणूमुळे होतो हे दाखवले होते. पारितोषिक मिळाले तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. पंचावन्न वर्षे थांबावे लागले. परीक्षेचा निकाल महिनाभर लांबला तर आमची मुले अस्वस्थ होतात, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला.

आता या शोधाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे भाषण नुसते गुणगान होईल. संप्रेरक बंद करण्याने पसरलेला रोग मुळापासून जात नाही. तो दबतो. बहुतेक रुग्णांमध्ये काही महिन्यांनी वा काही वर्षांनी तो पुन्हा डोके वर काढतो. हगिन्स यांना हे लवकरच दिसले. त्यांनी विचार केला की वृषण काढले तरी मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी थोडे पुरुष-संप्रेरक तयार करतातच. म्हणून १९४५ साली त्यांनी काही रुग्णांच्या त्या ग्रंथीही काढल्या. पण त्या ग्रंथींशिवाय माणूस जगू शकत नाही आणि त्यांची उणीव भरून काढणारे कॉर्टिझोन तेव्हा उपलब्ध नव्हते. रुग्ण फार काळ वाचले नाहीत. कॉर्टिझोन मिळू लागल्यावर १९५० नंतर त्यांनी ही शस्त्रक्रिया पुन्हा केली आणि स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात काही स्त्रियांना तिचा लाभ झाला.

१९४५ चा तो विचार मात्र वाया गेला नाही. लंडनच्या कर्करोग संशोधन संस्थेत ॲबिराटेरॉन नावाचे औषध तयार झाले. ते अधिवृक्क ग्रंथींत आणि खुद्द गाठीतही पुरुष-संप्रेरक तयार होऊ देत नाही. अमेरिकेत त्याला २०११ साली मान्यता मिळाली. जे काम सुरीने साधले नाही, ते ६६ वर्षांनी गोळीने साधले.

इस्ट्रोजेनच्या गोळ्यांचीही अशीच कथा आहे. १९३८ साली तयार झालेली स्टिलबेस्ट्रॉलची गोळी स्वस्त होती, म्हणून ती जगभर दिली गेली. पण १९६० च्या दशकात अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या मोठ्या पाहणीत दिसले की मोठ्या मात्रेत ती घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने अधिक मृत्यू होतात. कर्करोग आवरला, पण हृदयाने दगा दिला. पुढे अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन यांनी मेंदूतून निघणाऱ्या संप्रेरकांवर काम केले, त्यांना १९७७ साली नोबेलचा वाटा मिळाला. त्या ज्ञानावर आधारलेली इंजेक्शने १९८५ पासून वापरात आली. ती वृषणांना काम थांबवण्याचा हुकूम देतात. ॲसिड फॉस्फटेजची जागा आता पीएसए या रक्ततपासणीने घेतली आहे.

म्हणजे आमच्या काउंटरवरील त्या गृहस्थांपुढचे दोन पर्याय असे. एक, वृषणांची लहानशी शस्त्रक्रिया. एकदाच करायची, सरकारी रुग्णालयात अल्प खर्चात होणारी. दुसरा, दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन. महाग आणि बंद करता न येणारे. दोन्हींचा हेतू एकच, पुरुष-संप्रेरक खाली आणणे, आणि त्या कामात दोन्ही सारखेच उपयोगी. दोन्हींचे त्रासही बरेचसे सारखेच. अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे होणे, थकवा, कामेच्छा जाणे, हाडे ठिसूळ होणे. फरक पैशाचा आहे आणि मनाचा आहे. आज या जोडीला नवी औषधेही दिली जातात. कोणाला काय योग्य, हे डॉक्टरांनी रुग्ण तपासून सांगायचे.

मनाचा फरक लहान नाही, तो आम्ही हसण्यावारी नेणार नाही. वृषण काढणे म्हणजे पुरुषत्व जाणे, अशी भावना आपल्या समाजात खोल आहे. इंजेक्शननेही तेच संप्रेरक जाते, पण शरीर दिसायला पूर्ण राहते, म्हणून लोक कर्ज काढून इंजेक्शने घेतात. दोन वर्षे घेतात, पैसे संपले की बंद करतात आणि रोग पुन्हा उसळतो. उलट काही घरांत मुलेच परस्पर ठरवतात, की स्वस्तातले ऑपरेशन उरकून टाका, आणि म्हाताऱ्याला भूल उतरल्यावर कळते. आमच्या मते दोन्ही गोष्टी अन्यायाच्या आहेत. ज्याचे शरीर त्याला सगळे समजावून सांगा. इंजेक्शनचा वर्षाचा खर्च कागदावर मांडा, सरकारी आरोग्य योजनेतून काय मिळते ते रुग्णालयातील समाजसेवा विभागात विचारा, आणि मग त्या माणसाला ठरवू द्या. सत्तर वर्षांचा माणूस लहान मूल नसतो. त्या गृहस्थांना आम्ही एवढेच म्हणालो होतो, "काका, ठेव मोडण्याआधी डॉक्टरांना दोन्हींचा खर्च आणि दोन्हींचा त्रास विचारा, आणि तुम्ही स्वतः विचारा." त्यांनी विचारले. ऑपरेशनचा निर्णय त्यांनी स्वतः घेतला. ठेवीची निम्मी रक्कम शिल्लक राहिली. पुढच्या नोव्हेंबरात ते काठी टेकत हयातीचा दाखला द्यायला आले.

कुत्र्यांवरील प्रयोगांचे काय, असा प्रश्न या सभागृहात कोणाच्या मनात आला असेल तर तो योग्यच आहे. करुणा मानणाऱ्या माणसाने तो विचारलाच पाहिजे. या ज्ञानाची किंमत मुक्या जनावरांनी मोजली, हे झाकून ठेवू नये. आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला आणि त्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती आहे. जे ज्ञान इतक्या किमतीने मिळाले ते आपल्या लाजेमुळे वाया जावे, ही त्या जिवांचीही अवहेलना होय.

म्हणून शेवटी काही साध्या गोष्टी. मुंबईत १९६३ साली देशातील पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी सुरू झाली. आज मोठ्या शहरांच्या अशा नोंदींत पुरुषांच्या पहिल्या दहा कर्करोगांत प्रोस्टेटचा कर्करोग आढळतो. आपल्याकडे पुष्कळ रुग्ण रोग पसरल्यावरच रुग्णालयात पोहोचतात. रात्री वारंवार उठावे लागणे, धार बारीक होणे, लघवी अडणे, यांचे कारण बहुधा साधी वाढ असते. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे, आपण नाही. सुरुवातीचा कर्करोग काहीच लक्षण दाखवत नाही, म्हणून पन्नाशीनंतर पीएसए तपासणीविषयी डॉक्टरांशी बोलावे. आकडा वाढला म्हणजे कर्करोगच, असे नाही, आणि वाढला नाही म्हणजे नाहीच, असेही नाही. उतारवयात न थांबणारी कंबरदुखी मलमावर काढू नये. लघवीत रक्त एकदाच दिसले आणि थांबले, तरीही तपासून घ्यावे. मूत्राशयाच्या कर्करोगाची ती खूण असू शकते आणि त्याचे मोठे कारण धूम्रपान आहे. विडी ओढणाऱ्यांनी हे विशेष ऐकावे.

महिलांना आमची एक विनंती आहे. घरातील पुरुष ही गोष्ट मुलाला सांगत नाही, मित्राला सांगत नाही, फार तर तुम्हाला सांगतो. तेव्हा ती तुमच्यापाशी अडवून ठेवू नका. आणि संस्थेच्या कार्यकारिणीला सूचना अशी की दरवर्षीच्या आरोग्य शिबिरात डोळे आणि रक्तदाबाबरोबर मूत्ररोगतज्ज्ञांना बोलवावे आणि पुरुषांना एकेकट्याने, पडद्याआड बोलता येईल अशी सोय करावी. दहा जण आले तरी शिबिराचे सार्थक होईल.

विद्यार्थ्यांना काय सांगावे? हगिन्स १९५१ ते १९६९ शिकागोच्या बेन मे कर्करोग प्रयोगशाळेचे संचालक होते. संचालक झाल्यावरही ते स्वतः प्रयोगशाळेत हाताने काम करीत राहिले. १२ जानेवारी १९९७ रोजी, ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. न शिकलेला विषय ते शिकले, रोजची नोंद त्यांनी चुकवली नाही आणि अडचण आली तेव्हा तिच्याकडे पाठ फिरवली नाही. या तीन गोष्टींना नोबेलची गरज लागत नाही, बाराखडी येणाऱ्या कोणालाही त्या साधतात. आपल्यातील एखादा मुलगा वा मुलगी उद्या प्रयोगशाळेत जाईलच. तोवर आज घरी गेल्यावर एवढे करा. जेवण झाले की वडिलांजवळ, आजोबांजवळ बसा आणि विचारा, रात्री झोप नीट लागते का? किती वेळा उठावे लागते? पहिल्या दिवशी ते काहीतरी सांगून टाळतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.